पहिल्या महिला डॉक्टर एवढीच ओळख? कल्याणच्या आनंदीबाई जोशींची खरी लढाई स्वतःचं मत मांडण्याची होती

डोंबिवलीहून कर्जत-कसाऱ्याकडे जाणारी लोकल पकडली की ठाकुर्ली येतं आणि मग कल्याण. आज ही दोन्ही शहरं एकाच महापालिकेत आहेत. दीडशे वर्षांपूर्वी मात्र डोंबिवली हे छोटं खेडं होतं आणि कल्याण हे जुनं, नावाजलेलं बंदराचं गाव. १८५४ साली इथे रेल्वे पोचली. त्यानंतर अकरा वर्षांनी, ३१ मार्च १८६५ ला, कल्याणच्या एका जोशी घराण्यात एक मुलगी जन्माला आली. नाव ठेवलं यमुना.

हीच पुढे डॉ. आनंदीबाई गोपाळराव जोशी झाली. पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी मिळवणाऱ्या अगदी पहिल्या भारतीय महिलांपैकी एक.

एवढं तर आपल्याला शाळेपासून माहीत असतं. २०१९ मध्ये आलेला 'आनंदी गोपाळ' सिनेमा पाहिला असेल तर गोपाळरावांचा हट्टी स्वभावही माहीत असतो. पण आनंदीबाईंचं आयुष्य अजून एका बाजूने बघता येतं. माणसाला स्वतःचा विचार करायला आणि तो बोलून दाखवायला नेमकं कोण अडवतं? सरकार? धर्म? गल्लीतले लोक? मदत करणारा? की घरातलाच माणूस?

आनंदीबाईंच्या वाट्याला यातलं जवळपास सगळं आलं, तेही बावीस वर्षांच्या आत. म्हणून अभिव्यक्ती स्वातंत्र्य म्हणजे काय आणि त्याची हद्द कुठे, हे समजून घ्यायला त्यांची गोष्ट आजही कामाला येते.

नऊ वर्षांची नवरी आणि शिकवण्याची अट

यमुनेचे वडील गणपतराव जोशी. घराणं एकेकाळी जमीनजुमला असलेलं, पण दिवस फिरलेले. आई कडक, प्रसंगी हात उचलणारी. १८७४ साली, वयाच्या नवव्या वर्षी, यमुनेचं लग्न झालं. नवरदेव गोपाळ विनायक जोशी. पोस्टखात्यातले नोकरदार, बिजवर, वयाने तिच्यापेक्षा बरेच मोठे.

त्या काळात यात वेगळं काहीच नव्हतं. वेगळी होती ती गोपाळरावांची अट. मुलीला मी शिकवणार, हे कबूल असेल तरच लग्न करतो, असं त्यांनी सासरच्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. लग्नानंतर यमुनेची आनंदी झाली आणि धडे सुरू झाले.

तेव्हा मुलीने पाटी हातात धरली तर नवरा मरतो, असं उघडपणे बोललं जायचं. अशा वातावरणात एक पोस्टातला माणूस बायकोला शिकवतो म्हटल्यावर नातेवाईक आणि शेजारीपाजारी बोलणारच. गोपाळरावांनी मग बदल्यांचा मार्ग धरला. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता. नातेवाइकांपासून जितकं लांब, तितकं शिकवणं सोपं.

इथपर्यंत गोपाळराव आपल्याला सुधारक म्हणून आवडायला लागतात. त्यांच्यात धाडस होतंच. पण दुसरी बाजू अशी की बायकोने अभ्यास सोडून घरकामात वेळ घालवला, की गोपाळराव तिला मारायचे. त्या काळातले बाकीचे नवरे स्वयंपाक बिघडला म्हणून मारत असतील, हे अभ्यास झाला नाही म्हणून मारत.

म्हणजे जुन्या विचारांच्या घरात मुलीला विचारलं जात नव्हतं आणि या नव्या विचारांच्या घरातही तिला विचारलं गेलं नाही. शिकायचं का, काय शिकायचं, किती शिकायचं, सगळं नवऱ्यानेच ठरवलं.

चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला. तो दहा दिवसांत गेला. योग्य उपचार मिळाले असते तर बाळ वाचलं असतं, ही खंत त्यांच्या मनात राहिली. पुरुष डॉक्टरकडे बायका जात नाहीत आणि बाई डॉक्टर नाही, हे दुखणं त्यांनी स्वतः भोगलं होतं. डॉक्टर व्हायचं हा विचार इथून घट्ट होत गेला. शिक्षणाचा हट्ट गोपाळरावांचा होता, पण ते शिक्षण कशासाठी वापरायचं याचं कारण आनंदीबाईंचं स्वतःचं होतं.

मदत करतो, पण धर्म बदला

कोल्हापुरात असताना गोपाळरावांनी अमेरिकेतल्या एका मिशनऱ्याला पत्र पाठवलं. नाव रॉयल वाइल्डर. हे गृहस्थ आधी कोल्हापुरात मिशनचं काम करून गेले होते आणि आता अमेरिकेत एक मिशनरी मासिक चालवत होते. पत्रात विचारणा होती की बायकोला अमेरिकेत शिकायचं आहे, मला तिथे काही काम मिळेल का.

वाइल्डर यांनी पत्र मासिकात छापलं आणि सोबत आपलं उत्तरही. त्याचा सूर असा होता की ख्रिस्ती धर्म स्वीकारणार असाल तर बघू.

जोशी पती-पत्नीने ती अट मानली नाही. पण छापलेलं पत्र वाया गेलं नाही. १८८० मध्ये न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाई दाताच्या डॉक्टरकडे नंबर यायची वाट बघत बसल्या होत्या. तिथे पडलेलं मासिक त्यांनी चाळलं आणि हे पत्र त्यांच्या नजरेला पडलं. शिकायला मदत करायची तर धर्म कशाला मध्ये आणायचा, असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी थेट पत्र लिहिलं. दोघींची मैत्री जमली आणि आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या.

या प्रसंगात विचारस्वातंत्र्याचा एक महत्त्वाचा मुद्दा दडलेला आहे. कुणी आपल्याला आपला विचार पटवून द्यायचा प्रयत्न केला तर त्यात गैर काही नाही. तो त्याचा हक्क आहे. पण समोरचा माणूस अडचणीत असताना, आधी माझा विचार स्वीकार मग मदत करतो, असं म्हटलं की त्याला मन वळवणं म्हणत नाहीत. तो दबाव असतो. आज आपल्या राज्यघटनेचं कलम २५ सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य देतं, म्हणजे आपल्या मनाने आपला धर्म मानायचं स्वातंत्र्य. त्याचबरोबर धर्माचा प्रसार करायचाही हक्क देतं. हे दोन्ही हक्क एकत्र नांदायचे असतील तर समोरच्याला नाही म्हणता आलं पाहिजे. आनंदीबाईंनी ते नाही म्हटलं आणि आयुष्यभर त्यावर ठाम राहिल्या.

रस्त्यावरचे लोक काय म्हणतात

मुंबईत असताना आनंदीबाई मिशनच्या शाळेत जात. पायात बूट, हातात पुस्तकं आणि चालत शाळेत जाणारी ब्राह्मण घरातली लग्न झालेली मुलगी. लोक थांबून बघत, हसत, टोमणे मारत. बंगालमध्येही तेच. नवरा-बायको बरोबर फिरायला निघाले तरी लोकांच्या नजरा वळत.

तेव्हाचा कायदा काय सांगत होता? १८७० साली इंग्रजांनी राजद्रोहाचं कलम १२४अ दंड संहितेत घातलं. १८७८ मध्ये व्हाइसरॉय लिटनने देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांचं तोंड बंद करणारा कायदा आणला, तो पुढे रिपनच्या काळात रद्द झाला. १८८२ मध्ये टिळक आणि आगरकरांना कोल्हापूर प्रकरणात तुरुंगात जावं लागलं. कोल्हापूरच्या कारभाऱ्यांवर आरोप करणारी पत्रं त्यांनी छापली, ती बनावट निघाली आणि अब्रुनुकसानीचा खटला उभा राहिला. चार महिन्यांची शिक्षा झाली, १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढावे लागले.

म्हणजे छापून बोलणाऱ्यांसाठी सरकार आणि कोर्ट होतं. पण आनंदीबाईंना अडवणारं कुठलंही कलम नव्हतं. बाईने शिकू नये असा इंग्रजांचा कायदा नव्हता. बाईने परदेशी जाऊ नये असाही नव्हता. तरीही हजारातली एकही जात नव्हती, कारण लोक काय म्हणतील ही भिंत कुठल्याही कलमापेक्षा उंच होती.

इंग्लंडमध्ये जॉन स्टुअर्ट मिल या विचारवंताने १८५९ सालच्या 'ऑन लिबर्टी' या पुस्तकात नेमका हाच धोका सांगितला होता. राजाच्या जुलमापेक्षा समाजाचा जुलूम जास्त खोल जातो, कारण त्यातून पळायला जागा उरत नाही, असा त्याचा मुद्दा होता. आगरकरांच्या पिढीवर मिलचा मोठा परिणाम झाला होता. आनंदीबाई मात्र हे पुस्तकातून शिकल्या नाहीत. शाळेत जाता-येता रस्त्यावर शिकल्या.

एका संध्याकाळी त्या बोलायला उभ्या राहिल्या

१८८३ च्या सुरुवातीला आनंदीबाई बंगालमधल्या सेरामपूरला होत्या. हे आपल्या नगर जिल्ह्यातलं श्रीरामपूर नव्हे, कलकत्त्याजवळचं गाव. गोपाळरावांनी ठरवलं होतं की बायकोने एकटीने पुढे जायचं. बातमी फुटली आणि टीकेचा भडिमार सुरू झाला. हिंदू म्हणाले धर्म बुडाला. काही ख्रिस्ती म्हणाले धर्म बदलल्याशिवाय कशाला जाते.

त्यावर आनंदीबाईंनी लोकांना थेट उत्तर द्यायचं ठरवलं. २४ फेब्रुवारी १८८३ ला सेरामपूर कॉलेजच्या सभागृहात त्या इंग्रजीतून बोलायला उभ्या राहिल्या. वय अठरा पूर्ण व्हायला महिना बाकी. समोर देशी आणि युरोपियन, दोन्ही लोक. बाईने सभेत बोलणं हीच तेव्हा मोठी गोष्ट होती.

त्यांनी भाषणाची मांडणीही हुशारीने केली. लोक पाठीमागे जे प्रश्न विचारत होते तेच त्यांनी स्वतःच मांडले आणि एकेकाचं उत्तर दिलं. अमेरिकेला का जाते, इथे सोय नाही का, एकटी का जाते, परत आल्यावर वाळीत टाकतील त्याचं काय, काही वाईट घडलं तर काय, आणि कुठल्याही बाईने केलं नाही ते हिनेच का करायचं. असे सहा प्रश्न.

उत्तरं साधी होती. हिंदुस्थानात बाई डॉक्टरांची गरज आहे, म्हणून शिकायला जाते. इथे शिकायला गेलं तर वाटेवर आणि वर्गात काय सोसावं लागतं, हे त्यांनी स्वतःच्या अनुभवातून सांगितलं. नवरा बरोबर येऊ शकत नाही, कारण घरच्यांची जबाबदारी आणि पैशाची अडचण. बहिष्काराबद्दल त्यांचं म्हणणं असं की मी इथे जशी राहते तशीच तिथे राहणार, वेश आणि खाणंपिणं बदलणार नाही, हिंदू म्हणून जाणार आणि हिंदू म्हणूनच परत येणार. तरी वाळीत टाकायचं असेल तर परत यायची वाट कशाला बघता, आत्ताच टाका.

या भाषणाची खरी ताकद त्यात आहे की त्यांनी टीका करणाऱ्यांना गप्प बसा असं म्हटलं नाही. त्यांचे प्रश्न ऐकले, मान्य असलेलं मान्य केलं आणि बाकीचं खोडून काढलं. बोलण्याला बोलण्याने उत्तर. परिणामही झाला. लोकांचा सूर बदलला आणि मदतीचा हात पुढे येऊ लागला.

एप्रिल १८८३ मध्ये त्या कलकत्त्याहून जहाजात बसल्या. सोबतीला मिशनरी मंडळी होती आणि धर्म बदलण्याचा आग्रह समुद्रावरही सुटला नाही. ४ जून १८८३ ला त्या न्यूयॉर्कला उतरल्या. न्यायला कार्पेंटर मावशी आल्या होत्या.

अमेरिकेला अपेक्षित होतं ते त्या बोलल्या नाहीत

फिलाडेल्फियात महिलांसाठी वेगळं वैद्यकीय कॉलेज होतं, वुमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया. तिथल्या डीन रेचल बॉडली यांनी त्यांना प्रवेश आणि शिष्यवृत्ती दिली. १८८५ मधला एक फोटो आजही इंटरनेटवर फिरत असतो. तीन परदेशी विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या वेशात. मराठी साडीतल्या आनंदीबाई, जपानच्या केइ ओकामी आणि सिरियाच्या साबात इस्लामबूली.

अमेरिकेत आनंदीबाईंना सभांना बोलवलं जायचं. लोकांना ऐकायचं होतं की हिंदुस्थानात बायकांचे किती हाल आहेत आणि अमेरिका किती चांगली आहे. बालविवाहाबद्दल बोलायची वेळ आली तेव्हा आनंदीबाईंनी उलटंच केलं. त्यांनी त्या प्रथेची बाजू घेतली. ऐकणारे चकित झाले. जिचं स्वतःचं लग्न नवव्या वर्षी झालं, तीच असं बोलते?

आज आपल्याला त्यांचं हे मत पटणार नाही. पटायची गरजही नाही. त्यांच्या आयुष्याने काय सोसलं हे बघितलं तर ते मत चुकीचंच वाटतं. परक्या देशात आपल्या समाजाचे वाभाडे काढायचे नाहीत, ही भावना त्यामागे असू शकते. पण विचारस्वातंत्र्याची परीक्षा अशाच जागी होते. आपल्याला आवडतील तीच मतं मांडली तर टाळ्या, आणि वेगळं बोललं की आश्चर्य, हा नियम धरला तर त्यांना मिळालेलं स्वातंत्र्य पुन्हा कुणाच्या तरी परवानगीचंच झालं. सनातनी म्हणत होते आमच्यासारखं बोल, मिशनरी म्हणत होते आमच्यासारखं बोल, आणि चांगल्या मनाच्या अमेरिकन श्रोत्यांचीही मनातून तीच अपेक्षा होती. आनंदीबाईंची सगळी मतं बरोबर नव्हती. पण ती त्यांची होती.

समुद्रापलीकडून नवऱ्याला लिहिलेलं पत्र

घराबाहेर इतकं स्पष्ट बोलणारी ही मुलगी नवऱ्यासमोर काय बोलत होती?

हिंदुस्थानात असेपर्यंत फारसं काही नाही. अमेरिकेतून मात्र त्यांनी गोपाळरावांना एक पत्र लिहिलं, जे त्यांच्या सगळ्या भाषणांपेक्षा धाडसी आहे. तुम्ही माझ्याशी वागलात ते चांगलं की वाईट हे ठरवणं मला अवघड जातं, अशा अर्थाची त्याची सुरुवात. परिणाम बघितला तर चांगलं झालं, पण लहान मुलीच्या मनावर काय झालं असेल याचा विचार केला तर ते चूकच होतं, असं त्यांनी मांडलं. दहाव्या वर्षी लाकडाने मारलं, बाराव्या वर्षी खुर्च्या आणि पुस्तकं फेकली, सोडून जाईन अशी धमकी दिली, चौदाव्या वर्षी वेगळ्याच शिक्षा, असा त्यांनी वर्षांसकट हिशेब दिला. आणि हिंदू बायकोला नवऱ्यासमोर एक शब्द काढायचा हक्क नसतो, त्यामुळे सहन करण्याशिवाय दुसरा मार्ग नव्हता, हेही सांगितलं.

हे पत्र लिहायला दोघांमध्ये एक समुद्र असावा लागला, ही गोष्ट खूप काही सांगते. ज्या माणसाने तिला लिहायला शिकवलं, त्याच्याच बद्दल खरं लिहायला तिला त्याच्यापासून हजारो मैल लांब जावं लागलं. आणि पत्रात नुसता राग नाही. उपकारांची जाणीव आहे, त्याच वेळी अन्यायाची नोंदही आहे. दोन्ही खरं आहे म्हणून दोन्ही लिहिलं.

२००५ साली आलेला घरगुती हिंसाचार विरोधी कायदा मारहाणीबरोबरच शाब्दिक आणि भावनिक छळालाही हिंसाच मानतो. म्हणजे घरातल्या घरात दिलेली धमकी हे कुणाचं अभिव्यक्ती स्वातंत्र्य ठरत नाही. आनंदीबाईंनी हाच मुद्दा एकशेवीस वर्षं आधी एका खासगी पत्रात लिहून ठेवला होता.

गोपाळराव: मोकळं बोलणारा माणूस

गोपाळरावांना मात्र बोलायला कुणाची परवानगी लागत नव्हती. तेही पुढे अमेरिकेत आले. ठिकठिकाणी भाषणं केली. अमेरिकन लोकांच्या रीतीभाती, मिशनऱ्यांचं काम, कशालाही सोडलं नाही. ज्या समाजाच्या मदतीवर बायको शिकत होती त्याच समाजावर झोड. कार्पेंटर कुटुंब आणि आनंदीबाई यांची यात अवघड परिस्थिती झाली.

पण हे त्यांचं बोलणं हक्काच्या हद्दीत होतं का? होतं. लोकांना झोंबतं म्हणून ते बंद करता येत नाही. अमेरिकेने त्यांना बोलू दिलं, हे अमेरिकेचं मोठेपण.

अवघड प्रकरण आहे ते पुढचं, पुण्यातलं. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये एक कार्यक्रम झाला. गोपाळरावांच्या पुढाकाराने पुण्यातली मोठी मंडळी जमली. न्यायमूर्ती रानडे होते, टिळकही होते. कार्यक्रमानंतर चहा-बिस्किटं आली. कुणी घेतला, कुणी नुसता हात लावून ठेवला. काही दिवसांनी चहा पिणाऱ्यांची नावं 'पुणे वैभव' या वर्तमानपत्रात छापून आली. ख्रिस्त्यांच्या हातचा चहा प्यायला म्हणून शंकराचार्यांपर्यंत तक्रार गेली, ग्रामण्य उभं राहिलं, वाद बराच काळ चालला आणि रानड्यांसकट अनेकांना प्रायश्चित्त घ्यावं लागलं.

आजच्या भाषेत सांगायचं तर खासगी ग्रुपमधला स्क्रीनशॉट व्हायरल झाला.

एक बाजू म्हणते, बरं झालं. व्यासपीठावर सुधारणा सांगायची आणि घरी सोवळं पाळायचं, हा दुटप्पीपणा उघडा पडला. छापलेलं खोटं नव्हतं, मग तक्रार कसली? दुसरी बाजू म्हणते, विश्वासाने आलेल्या पाहुण्यांची नावं बहिष्काराचं हत्यार घेऊन बसलेल्या लोकांच्या हातात देणं, हे खरं बोलणं असलं तरी त्याची किंमत दुसऱ्यांनी मोजली. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. कायद्याने यात गुन्हा शोधणं कठीण. पण जे कायद्याने बोलता येतं ते प्रत्येक वेळी बोलायलाच हवं असं नाही, हा प्रश्न पुणेकरांसमोर तेव्हा होता आणि फॉरवर्डचं बटण दाबताना आपल्यासमोर आजही असतो.

हेच गोपाळराव पुढे काही काळ ख्रिस्तीही झाले आणि नंतर प्रायश्चित्त घेऊन परत हिंदू झाले. स्वतःची मतं हवी तशी बदलायचं स्वातंत्र्य त्यांनी भरपूर वापरलं. घरातल्या माणसाला मात्र त्यातलं फार थोडं मिळालं होतं.

मग हद्द कुठे आहे?

आज आपल्याकडे राज्यघटनेचं कलम १९(१)(अ) प्रत्येक नागरिकाला भाषण आणि अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य देतं. त्यानंतरचं १९(२) त्यावर वाजवी बंधनं घालायची मुभा सरकारला देतं. कारणं ठरलेली आहेत. देशाचं सार्वभौमत्व आणि एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परदेशांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, अब्रुनुकसानी आणि गुन्ह्याला चिथावणी. ही यादीही एकदम आली नाही. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीत काही कारणं वाढली आणि बंधन वाजवी असलं पाहिजे ही अटही आली. १९६३ च्या दुरुस्तीत सार्वभौमत्व आणि एकात्मता हे कारण जोडलं गेलं.

या यादीत एक गोष्ट नाही, आणि ती नसणं महत्त्वाचं आहे. आपल्याला पटलं नाही किंवा वाईट वाटलं, एवढंच कारण तिथे नाही.

आनंदीबाईंच्या गोष्टीवर हे लावून बघा. त्यांनी सेरामपूरला भाषण केलं, लोकांना राग आला. तो राग हे त्यांना थांबवायचं कारण होऊ शकत नाही. बालविवाहाची बाजू घेतली, तीही नाही. गोपाळरावांनी अमेरिकेला नावं ठेवली, तेही नाही. कोल्हापूर प्रकरणात बनावट पत्रांवरून कुणाची अब्रू गेली, तिथे मात्र हद्द ओलांडली गेली, मग लिहिणारे टिळक-आगरकर असले तरी. आणि खुर्ची फेकून, सोडून जाईन म्हणून एखाद्या मुलीला गप्प करणं, हे तर बोलणंच नव्हे. ते दुसऱ्याचं बोलणं हिसकावून घेणं आहे.

राज्यघटनेचं हे कलम मुख्यतः सरकारपासून आपलं संरक्षण करतं. घरात, सोसायटीत, ऑफिसात आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर कुणाला बोलू द्यायचं, हे मात्र रोज आपणच ठरवत असतो.

पदवी मिळाली, वेळ मिळाला नाही

११ मार्च १८८६ ला आनंदीबाईंना वैद्यकाची पदवी मिळाली. प्रबंधाचा विषय होता हिंदू समाजातलं प्रसूतिशास्त्र. समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. कोल्हापूर संस्थानाने त्यांना अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री विभागाची जबाबदारी देऊ केली होती.

पण अमेरिकेतल्या थंडीत आणि अपुऱ्या खाण्यात तब्येत खालावत गेली होती. क्षयाने गाठलं. नोव्हेंबर १८८६ मध्ये त्या मुंबईला परतल्या, तेव्हा खूप थकलेल्या होत्या. ज्या समाजाने टोमणे मारले होते तोच आता कौतुक करत होता. कोल्हापूरला रुजू होणं झालंच नाही. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्यांचा मृत्यू झाला. बावीस वर्षं पूर्ण व्हायला महिनाभर बाकी होता. त्यांच्या अस्थी कार्पेंटर मावशींकडे पाठवल्या गेल्या आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी इथल्या दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत त्यांची खूण आजही आहे.

एकाही रुग्णावर त्यांना मायदेशी आपल्या हॉस्पिटलमध्ये उपचार करता आले नाहीत. त्यामुळे डॉक्टर म्हणून त्यांचं काम मोजायला गेलं तर हाती फार काही लागत नाही. पण त्यांचं भाषण उरलं आणि पत्रं उरली. त्यावरून १८८८ मध्ये अमेरिकेत कॅरोलाइन डॉल यांनी त्यांचं चरित्र लिहिलं, पाठोपाठ मराठीत काशीबाई कानिटकरांनी. पुढे श्री. ज. जोशींची कादंबरी आली, नाटक आलं, सिनेमा आला. शुक्र ग्रहावरच्या एका विवराला त्यांचं नाव आहे.

यातल्या बहुतेक ठिकाणी गोष्ट आनंदी आणि गोपाळ अशी जोडीने सांगितली जाते, आणि त्यात बोलणारा आवाज बऱ्याचदा गोपाळरावांचाच मोठा असतो. म्हणून पुढच्या वेळी ही गोष्ट कुठे दिसली तर आधी ते सेरामपूरचं भाषण आणि अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेलं ते पत्र शोधून वाचा. कल्याणच्या त्या मुलीला काय म्हणायचं होतं, ते तिने स्वतःच लिहून ठेवलं आहे.